खुर्चीवरचा माणूस

“समोर भिंत आहे. भिंतीवर घड्याळ आहे. घड्याळाखाली लाकडी खुर्ची आहे. खुर्चीवर एक माणूस बसलेला आहे.”

चष्म्यातली बाई एवढं बोलून गप्प झाली आणि प्रमोदिनीची बोटं वेणीत होती तिथंच थांबली. दुपारचे अडीच वाजले असतील. वहिनी दोनलाच राममंदिरात भजनाला गेली होती. टाळांची पिशवी दाराच्या चौकटीला घासल्याचा आवाज प्रमोदिनीनं ऐकला होता. नाना त्याच्याही आधी वाचनालयात गेले होते. फाटकाची कडी पडली होती. म्हणजे घरात तिच्याशिवाय कुणी नव्हतं. “कोण आहे?” तिनं विचारलं. पंख्याची कुरकुर तेवढी चालू होती. लांब स्टँडवर कुर्डुवाडीच्या गाडीनं हॉर्न दिला. “कोण आहे तिथं?” तिनं पुन्हा विचारलं, आणि या वेळी तिला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही, शेजारच्या घरातली कुणी म्हातारी घाबरून ओरडते आहे असं वाटलं. तिनं चष्म्याच्या दांडीवरचं बटण दाबलं. जरा थांबून बाई म्हणाली, “समोर भिंत आहे. भिंतीवर घड्याळ आहे. लाकडी खुर्ची आहे. उजवीकडे दार आहे. दाराचा पडदा अर्धा सरकलेला आहे.” पडदा प्रमोदिनीनं जेवण झाल्यावर स्वतःच्या हातानं पुरता ओढून घेतला होता.

चष्मा येऊन दोन महिने झाले होते. प्रमोदिनीच्या थोरल्या भावाची, नानांची, मुलगी मैथिली पुण्यात नोकरीला होती. तिच्या ओळखीच्या एका संस्थेनं अंध लोकांना असे चष्मे वापरून बघायला दिले होते, त्यातला एक ती दिवाळीला परंड्याला येताना घेऊन आली. “आत्या, आता तुला कुणाला काही विचारत बसायला नको,” असं म्हणत तिनं तो आत्याच्या नाकावर ठेवला. कपाळाशी बारीक कॅमेरा, खिशातल्या फोनला जोडणी, आणि बटण दाबलं की समोर काय आहे ते सांगणारी बाई. बाईचं मराठी स्वच्छ होतं, कुठल्याच गावचं नव्हतं. ती कधी खोकत नसे, कधी कंटाळत नसे, तिच्या बोलण्यामागं कधी कुकरची शिटी किंवा पोराचं रडणं नसे. एकतीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर बसलेल्या प्रमोदिनीला हेच आधी जाणवलं, की या बाईच्या मागं खोलीच नाही. पहिल्या संध्याकाळी सगळं घर भोवती गोळा झालं होतं. खुंटीवर टांगलेल्या नानांच्या कोटाला बाई “उभा असलेला माणूस” म्हणाली, तेव्हा वहिनी हसून हसून बेजार झाली. “अगं बाई, कोटामुळं तरी ह्यांना माणूस म्हणालं कुणी!” पुढं चष्म्यातल्या बाईनं उखळाला कुंडी म्हटलं, पापडांच्या चळतीला पुस्तकं म्हटलं. आजही तसंच काही झालं असेल, असं प्रमोदिनीनं स्वतःला सांगून पाहिलं. वेणी पुरी केली, टोकाला गाठ मारली. पण खुंटीवरचा कोट पडदा सरकवून निघून जात नाही.

एकटं असणं ही गोष्ट तिला कधी कुणी सांगावी लागली नव्हती. ती कानांना कळायची. माणूस निघून गेला की खोलीचा आवाज मोठा होतो, भिंती जरा लांब सरकतात. सहाव्या वर्षी, बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात, गोवरानं डोळे गेले. त्यानंतर पन्नासएक वर्षं ती याच एका खात्रीवर जगत आली होती. उस्मानाबादला, आता धाराशिव म्हणतात तिथं, जिल्ह्याच्या कचेरीत बोर्डावर बसून ती लाइनवर तिसरं माणूस गुपचूप ऐकत असलं तर नुसत्या हवेवरून ओळखायची. “साहेब, लाइनवर कुणीतरी आहे,” असं ती सांगायची, आणि ती कधी चुकली नव्हती. बोर्ड निघाला, प्रत्येकाच्या टेबलावर स्वतःचा फोन आला, ती दोन वर्षं नुसती खुर्चीत बसून राहिली आणि मग मुदतीआधीच नोकरी सोडून परंड्याला भावाकडं आली, तेव्हाही एवढं एक तिच्यापाशी शाबूत होतं. आणि आज आठ फुटांवर बसलेला माणूस तिला ऐकू आला नव्हता. पंख्यामुळं असेल. कान जात असतील. किंवा तो माणूस आवाज न करता बसायला शिकला असेल, आणि असं शिकायला दिवस लागतात.

कितीदा बसला असेल तो तिथं? हा प्रश्न डोक्यात आला आणि मग दिवसभर हलला नाही. गेल्या तीन वर्षांतल्या सगळ्या दुपारी तिच्यासमोर एकेक करून आल्या, आणि प्रत्येक दुपारी त्या खुर्चीवर तिला कुणीतरी बसलेलं वाटू लागलं. ती एकटी असताना मोठ्यानं बोलायची. कधीकधी जुन्या सवयीनं, “नमस्कार, कुणाशी जोडून देऊ?” असं म्हणायची, आणि पलीकडून कुणी काही मागितल्यासारखी थोडी थांबायची. साडी बदलायची. छातीखाली आलेली घामोळी चाचपायची. मैथिली एकदा सहज म्हणाली होती, “आत्या, फोटोत तुझं हसू नेहमी उशिरा येतं गं,” तर त्यानंतर कितीतरी दिवस ती दुपारी पलंगावर बसून गालांवर बोटं ठेवून हसून बघायची, हसू कुठून सुरू होतं आणि किती वेळात डोळ्यांपाशी पोचतं ते. हे कुणी पाहिलं असेल या विचारानं तिचे कान तापले. लहानपणी वसतिगृहात न्हाणीच्या खिडकीपाशी कुणीतरी उभं असतं असं मुली म्हणायच्या, आणि देखरेखीच्या बाई म्हणायच्या, “कुणी नाही गं, तुमच्या मनाचे खेळ.” मुली मग भिंतीकडं तोंड करून अंघोळ करायला शिकल्या. प्रमोदिनी ते घरी आल्यावर विसरली होती. त्या संध्याकाळी न्हाणीघरात ती आपोआप भिंतीकडं वळली.

तिनं कुणालाच काही सांगितलं नाही. सांगायचं काय? पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी नाना एकदम म्हणाले, “प्रमोदिनी, त्या चष्म्याच्या बोलण्यावर फार जाऊ नकोस. यंत्रच ते. रिकाम्या खुर्चीवरही माणूस बसवेल.” वहिनी आतून म्हणाली, “आता आणि काय म्हणालं ते?” “काही नाही, आपलं सांगून ठेवतो,” नाना म्हणाले आणि त्यांनी कप बशीत ठेवला. कप बशीच्या कडेवर पडला, सरकला, मग बसला. प्रमोदिनीनं पोहे तोंडात घातले. खुर्चीबद्दल तिनं कुणाजवळ अवाक्षर काढलं नव्हतं.

तरी तिला खात्री करून घ्यायची होती. फोनवर तिनं बाईचा आवाज फक्त कानापुरता करून घेतला. तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनी गेली, फाटकाची कडी पडली, आणि ती पलंगावर धुतलेल्या साड्यांच्या घड्या घालत बसली. पाचएक मिनिटांनी तिनं कानामागं केस सारल्यासारखं करून बटण दाबलं. “खुर्चीवर एक वयस्कर पुरुष बसलेला आहे. त्याने पांढरा सदरा घातला आहे. त्याने चष्मा लावला आहे. तो तुमच्याकडे पाहत आहे.” तिच्या हातातली घडी सुटली नाही. कडी लावून बाहेर पडायचं, मग परसदारानं अनवाणी आत यायचं. तिच्या सख्ख्या भावानं, चौतीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलेल्या नारायणरावांनी, म्हणजे नानांनी, हे ठरवून केलं होतं. भीती गेली. तिच्या जागी जे आलं ते भीतीपेक्षा जड होतं. ती एकामागून एक घड्या घालत राहिली, काठाला काठ जुळवून, कोपरे अंगठ्यानं दाबून, आणि पहिल्यांदाच तिला जाणवलं, की त्याची नजर तिच्या चेहऱ्यावर नसावी. चेहऱ्याकडं बघणारं माणूस कधीतरी उसासा टाकतं, हलतं. हा माणूस शाळेतल्या हुशार पोरासारखा एकचित्त बसला होता. तो तिचे हात बघत होता.

का, ते तिला आणखी चार दिवसांनी कळलं, आणि कळलं तेही कानांनी. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी ती स्वयंपाकघरात लसूण सोलत होती. वीज गेलेली होती. वहिनी कंदील शोधत बडबडत होती. तेवढ्यात माजघरातून एक आवाज आला, अगदी बारीक, चुन्याच्या भिंतीवरून वाळलेलं पान ओढत न्यावं तसा. कोपऱ्यापाशी तो थांबला, चौकटीवर दोनदा टकटकला आणि पुढं निघाला. प्रमोदिनीच्या हातातली पाकळी खाली पडली. तो आवाज तिचा होता. बोटं जरा वाकवून, त्यांची पाठ भिंतीला लावत चालण्याचा. तळहात लावला तर चौकटीचा खिळा लागतो, म्हणून पाठ. सबंध घरात तसं एकटी तीच चालत असे. आता तिच्या बसल्या जागेपासून वीस पावलांवर कुणीतरी तिच्या चालीनं चालत होतं. “अहो, तुम्ही का तिकडं?” वहिनीनं विचारलं. “पाणी प्यायला,” नाना म्हणाले, आणि लगोलग पितळी भांडं फरशीवर आदळून घरंगळत गेलं. “कुठं लक्ष असतं हो तुमचं आताशा!” वहिनी म्हणाली.

मग बाकीचं आपोआप जागच्या जागी बसत गेलं. ती इथं आल्यापासून नाना रोज सकाळी तिला पेपर वाचून दाखवत. गेल्या पावसाळ्यापासून “आज काही विशेष नाही त्यात” म्हणून घडी करून ठेवत. स्कूटर त्यांनी विकून टाकली, कारण म्हणे कंटाळा आला. तिन्हीसांजेनंतर ते बाहेर पडत नसत. पानात कडेला वाढलेलं लिंबू राहून जायचं. हे सगळं तिनं ऐकलं होतं आणि वयावर ढकललं होतं. पुढच्या सोमवारी दोघं बार्शीला लग्नाला गेली तेव्हा ती त्यांच्या कपाटापाशी जाऊन उभी राहिली. कपाटाला कापराचा आणि जुन्या हजेरीपटांचा वास होता. आपण चोरी करतो आहोत हे तिला कळत होतं, आणि नाना खुर्चीवर बसताना त्यांनाही ते कळतच असेल, असंही वाटलं. सदऱ्यांच्या तळाशी प्लास्टिकची फाइल लागली. तिनं एकेक कागद डोळ्यांसमोर धरला. कागद इंग्रजीत होते, बाई मराठीत सांगत होती. वीजबिल सांगताना होता तोच तिचा आवाज होता. “नेत्र रुग्णालय, सोलापूर. रुग्णाचे नाव, नारायण. वय त्रेसष्ट. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू, वाढलेल्या अवस्थेत. बाजूची नजर बरीच गेलेली आहे. गेलेली नजर परत येत नाही, हे रुग्णाला समजावून सांगितले. रुग्णासोबत नातेवाईक नाही.” तारीख सोळा महिन्यांपूर्वीची होती. म्हणजे सोलापूरला तो एकटा गेला होता, एकटा ऐकून एकटाच एस.टी.नं परत आला होता, आणि घरी आल्यावर वहिनीनं विचारलं असेल, “झालं का पेन्शनचं काम?”

आणि मग जे झालं ते प्रमोदिनीनं पुढं कधी कुणाला सांगितलं नाही. तिला बरं वाटलं. कपाटाच्या उघड्या दाराला धरून ती उभी होती आणि छातीत कुठंतरी काहीतरी सैल होत गेलं, ऊब आल्यासारखं. ते ओळखल्यावर ती घाबरून खाली बसली. नळदुर्गचा शिवकुमार तिला आठवला. भूकंपाच्या आदल्या वर्षी तो आपल्या भावाचा हात धरून तिला मागणी घालायला या घरात आला होता. जन्मांध, शाळेत संगीत शिकवणारा. बैठकीत त्याच्याशी तिचं जेमतेम दहा मिनिटं बोलणं झालं. तो म्हणाला होता, “आमचं घर हायवेला लागून आहे. ट्रकवाले लई हॉर्न मारतात. म्या आपलं पेटीवर त्यांची पट्टी जुळवत बसतो. निम्मे तरी काळी दोनमध्ये वाजतात बघा.” ती हसली होती, आणि ते हसू उशिरा आलं नसणार. मग ती चहा करायला आत गेली. बाहेर नाना शिवकुमारच्या भावाला समजावत होते, आवाज न चढवता, वर्गात समजावत तसं: “दोन आंधळी एका घरात. उद्या पदर पेटला तर विझवणार कोण? दिसणारं एक तरी माणूस नको का?” वडील नव्हते, बोलणारे नानाच होते, आणि तिनं कपात साखर घातली, ढवळली, ट्रे बाहेर नेऊन दिला. पंचवीस वर्षांची होती. नानांना उलटून एक शब्द ती बोलली नाही. नंतर टेलिफोनवर लाखभर लोकांशी बोलली असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी कडी पडली. वहिनी गेली. प्रमोदिनीनं चष्मा काढला, डबीत घातला, डबीचं झाकण लावलं. खोलीत तिसरं कुणी तिला नको होतं. मग ती पलंगावर बसली आणि मनात साठापर्यंत अंक मोजले.

“नाना, बसलात का?”

खुर्ची हलली नाही. पण आता तिला ऐकू येत होतं. पंख्याच्या कुरकुरीखाली एक श्वास होता, नाकातून घेतलेला, धरून ठेवलेला.

“नुसतं बघून यायचं नाही ते,” ती म्हणाली.

श्वास सुटला. खुर्ची करकरली. नाना म्हणाले, “कधी कळलं?”

“काल. तुमचे कागद वाचले.”

“कुणाकडनं वाचून घेतलेस?” त्यांचा आवाज एकदम चिरकला.

“कुणाकडनं नाही. चष्म्यानं.”

“तुझ्या वहिनीला बोललीस?”

“नाही.”

“मैथिलीला?”

“कुणालाच नाही.”

“नको बोलूस. ही रडत बसेल, मग मैथिली नोकरी टाकून येईल. आणि गावात…” त्यांनी वाक्य सोडून दिलं. “मी तुझ्याकडं वाईट बघत नव्हतो गं. एवढं तरी तुला—”

“मला विचारायचं होतं ना पण. समोर येऊन.”

“काय विचारू? आंधळं कसं व्हायचं, असं?”

नाना खुर्ची ओढून जवळ आले. जवळ आल्यावर त्यांच्या सदऱ्याला डोळ्यांत टाकायच्या औषधाचा बारीक आंबट वास आला. हा वास इतके दिवस आपण न्हाणीतल्या साबणाचा समजत होतो, हे तिला कळलं. ते खालच्या आवाजात, भराभर बोलू लागले. बाजूचं काही दिसत नाही. नळीतून बघावं तसं समोरचं दिसतं, तेही संध्याकाळी विरून जातं. किती वर्षं पुरेल ते डॉक्टरही सांगत नाहीत. “तुला बघितलं की वाटायचं, ही करतेय ना सगळं. मग चार महिने बघत बसलो. तू पेला भरतेस, सांडत नाहीस. बोटही आत घालत नाहीस. ते कसं, हे काही केल्या कळत नाही मला.”

“आवाजावर. पेला भरत आला की पाण्याचा आवाज चढतो.”

“चढतो?” मास्तरांनी विचारलं, जणू त्यांच्या विषयातलंच काही निघालं.

“चढतो. ऐका.” तिनं खिडकीतला तांब्या घेतला, पेल्यात पाणी ओतलं. दोघंही ते ऐकत होते. “आता तुम्ही. डोळे मिटा.” त्यांनी मिटले की नाही ते तिला कळायचा मार्ग नव्हता. लहानपणी आंधळी कोशिंबीर खेळताना ते हटकून पापण्या किलकिल्या करायचे, आणि ती तेव्हा ते बघू शकत होती. पाणी पडू लागलं, चढलं, काठावरून फरशीवर सांडलं, तिच्या पावलांपर्यंत आलं. “पुन्हा,” नाना स्वतःलाच म्हणाले, कडक, वर्गातल्या आवाजात. पुन्हा सांडलं. तिसऱ्यांदा त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, “मला नाही जमणार, प्रमोदिनी. तुझं वेगळं आहे.”

“काय वेगळं आहे?”

“तुला लहानपणापासून सवय. तुझं काही गेलं नाही त्यात.”

तिला वाटलं, आता बोलावं. तेहेतीस वर्षं ते वाक्य तिच्याजवळ होतं; ते परत करायला याहून बरी वेळ येणार नव्हती. “शिवकुमारला तुम्ही म्हणाला होतात, पदर पेटला तर विझवणार कोण,” ती म्हणाली. आपला आवाज शांत आहे हे तिला ऐकू येत होतं.

“कोण शिवकुमार?” नानांनी विचारलं.

“नळदुर्गचा. संगीत मास्तर. मला मागणी घालायला आला होता.”

नाना खरोखर आठवत होते. खोटं बोलणाऱ्याची घाई त्या गप्प बसण्यात नव्हती. तशी घाई तिनं हजारदा तारेवर ऐकली होती, तिला ओळखू आली असती. “कधी गं?” ते शेवटी म्हणाले. “मला नाही आठवत. असेल. दोन-तीन स्थळं आली होती खरी.” आणि जरा थांबून, “तुला करायचं होतं का ते?”

पंखा फिरत होता. फरशीवरचं पाणी तिच्या तळव्यांखाली गार लागत होतं. एवढी वर्षं ती ज्याच्याशी मनात भांडत आली तो माणूस तिथं नव्हताच कधी. एक बोललेलं विसरून गेलेला, थकलेला, औषधाचा वास येणारा म्हातारा तेवढा समोर होता, आणि त्याच्याकडून आता काही वसूल होण्यासारखं उरलं नव्हतं. “राहू द्या,” ती म्हणाली. “तांब्या घ्या. अर्ध्यावर आला की सांगते, तिथं कान द्या.”

मग ते रोजचं झालं. नाना आता पुढच्या दारानं यायचे. ताटात भात कुठल्या बाजूला आहे ते बोटानं न चिवडता कसं ओळखायचं, जिना उतरताना टाच आधी कशी टेकवायची, हे ती सांगायची, आणि ते पाठ करायचे, पाढ्यांसारखं मोठ्यानं. कधी जमलं की पोरासारखे हरखत. कधी मध्येच गप्प होत, आणि मग ते भिंतीकडं तोंड करून बसलेत हे तिला त्यांच्या श्वासाच्या दिशेवरून कळे. “वन्सं, बरं झालं बाई,” वहिनी एकदा म्हणाली, “हे तुमच्याशी गप्पा मारत बसतात ते. नाहीतर कुणाशी बोलतच नव्हते आताशा.” प्रमोदिनीनं “हो” म्हटलं. चष्मा तुम्हीच घ्या, पुढं तुम्हाला लागेल, असं तिनं नानांना दोनदा सांगून पाहिलं. त्यांनी तो हातातही घेतला नाही. “रस्त्यात ते नाकावर दिसलं की चार माणसं थांबून विचारतील. घरात तू आहेस की.” हे ऐकून तिला संताप यायला हवा होता. आला नाही. त्याऐवजी जे आलं त्यात पुन्हा ती कपाटापाशीची ऊब थोडी मिसळलेली होती. त्या उबेची तिला आता पहिल्याइतकी भीती वाटली नाही, आणि त्याचंच तिला वाईट वाटलं.

माघात एका दुपारी ती दोघं पहिल्यांदा गल्लीत उतरली. उजव्या हातात तिची पांढरी काठी. डाव्या हाताचं कोपर नानांनी धरलेलं, अर्धं पाऊल मागं राहून, तिनं शिकवलं तसं. डोळे मिटून चालायचं असं ठरलं होतं. ऊन पाठीवर होतं. उजव्या हाताला शाळेची भिंत सरली की हवा मोकळी लागते, ते तिनं हळूच सांगितलं. मग चांभाराच्या टपरीचा वास, मग बंडप्पाच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा. पट्ट्याचा आवाज जवळ आला तशी नानांची बोटं तिच्या कोपरात रुतू लागली. “उघडू का डोळे?” ते कुजबुजले. “कुणी बघतंय.” “चला तसंच,” ती म्हणाली.

“कुठं निघाली स्वारी, मास्तर?” बंडप्पा गिरणीच्या दारातून ओरडला.

“किल्ल्यापर्यंत,” नाना म्हणाले.

“व्हय का. बरं केलंत, ताईंना बाहेर काढलंत. घरात बसून माणूस कुजतं.” पट्टा बंद झाला. बंडप्पा पायरी उतरून पुढं आला असावा, पिठाचा गरम वास आला. “खरं सांगतो मास्तर, तुमच्यासारखा भाऊ मिळायला लई नशीब लागतं. या वयात सुदीक बहिणीला हाताला धरून हिंडवता. आजकाल कोण करतंय हो?”

प्रमोदिनी थांबली. ठरवून थांबली नाही, पाय थांबले. एक वाक्य पुरलं असतं. सगळं गाव दळणाला इथं येतं. दिवस मावळायच्या आत घरोघर झालं असतं. ती थांबून राहिली, नाना काय म्हणतात ते ऐकायला. त्यांच्या नखांची टोकं तिला साडीच्या पदरातून लागत होती.

“चालायचंच,” नाना म्हणाले. “तिला दुसरं कोण आहे?”

बंडप्पा हळहळल्यासारखं काही म्हणाला आणि आत गेला. पट्टा पुन्हा सुरू झाला. तिनं काठी पुढं टेकवली आणि चालू लागली. पुढं गटारावर नवीन फरशी बसवली होती. ती रस्त्यापेक्षा चार बोटं वर होती, आणि नानांना अजून माहीत नव्हती. तिनं चाल मंद केली, कोपर अंगाशी ओढून घेतलं, म्हणजे ते नेमके तिच्या मागं येतील, अडखळणार नाहीत, आणि फरशी लागेपर्यंत त्यांची पावलं ऐकत राहिली.